तुमच्या कपाटात कोणती ‘कोसला’ आहे?

बोदवड स्टेशनवर गाडीची वाट पाहताना शेजारच्या सरांच्या हातात जुनी ‘कोसला’ दिसली. मी विचारलं, "सर, देशमुख आणि कंपनीने छापलेली का?" मग भुसावळपर्यंत आम्ही फक्त पुस्तकांवरच बोललो.

‘कोसला’ 1963 ची. तिचे लेखक नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, आणि नायकाचं आडनाव सांगवीकर! आपल्याकडच्या संग्राहकांना ही कादंबरी हमखास जोडते. पण खरी ओळख पटते ती कमी दिसणाऱ्या पुस्तकांवरून. दोघांकडेही तेच दुर्मीळ पुस्तक निघालं, की बाकीची कपाटंही जुळतात, असा माझा अनुभव.

जुनं पुस्तक घेताना आधी मुखपृष्ठामागची पानं बघा. ‘पहिली आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत गल्लत नको. साल शके असेल तर 78 मिळवा. शके वर्षाच्या अखेरीच्या महिन्यांत 79. पहिल्या मालकाची सही, वाचनालयाचा शिक्का कधीच खोडू नका. पुस्तकाचा प्रवास त्यातूनच कळतो.

संग्रह मोठा असला तरी माणसामागे तो टिकणं अवघड. म्हणून मला धुळ्याचं फार कौतुक. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला गेले आणि 1927 मध्येच तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी पायपीट करून जमवलेली कागदपत्रं, पोथ्या त्यामुळे जपल्या गेल्या.

म्हणून एक सांगणं: आपल्या पुस्तकांची यादी आजच वहीत करा. नाव, प्रकाशक, साल, आवृत्ती, एवढं पुरे.

तुमच्याकडे ‘बहिणाबाईंची गाणी’ची 1952 ची प्रत आहे का? आवृत्ती ओळखताना अडलं तर त्या पानाचा फोटो टाका, मिळून शोधू.