रिकाम्या कनेक्शनांची हजेरी

मृग लागण्यापूर्वीच्या आठवड्यात जालन्याच्या बाजारपेठेत बियाण्यांच्या दुकानांपुढे जी दाटी होते, तिचा भार हल्ली दूरच्या डेटा सेंटरमधील भाड्याच्या सर्व्हरवरही पडतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली, आणि पुढे बीजोद्योग हीच या शहराची ओळख झाली. त्याच बाजारातील काही किरकोळ विक्रेत्यांच्या साठ्याची व बिलांची नोंद ठेवणारी प्रणाली माझ्या देखरेखीखाली आहे.

अशाच एका सकाळी एका दुकानदाराचा फोन आला, “सर, बिलच निघंना. परतूरची माणसं दारात उभी आहेत.” मी तपासले, तेव्हा सर्व्हरच्या प्रोसेसरवर फारसा भार नव्हता, तरीही डेटाबेस प्रत्येक नव्या मागणीला, उरलेल्या जागा व्यवस्थापकासाठी राखीव असल्याचे कळवून, दारातूनच परत पाठवीत होता.

आम्ही बसविलेल्या पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये मुळातच १०० कनेक्शनांची मर्यादा असते व त्यांतील ३ राखीव असतात. म्हणजे प्रत्यक्षात ९७. एरवी आमच्या कार्यक्रमाच्या तीन प्रती चालत. गर्दी वाढताच क्लाउडने आपल्या नियमाप्रमाणे त्या दहा केल्या, आणि प्रत्येक प्रतीने उठल्याबरोबर आपल्यासाठी दहा कनेक्शने मागितली. राखीव दाराने आत शिरून मी ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ हे हजेरीपत्रक उघडले, तो ९७ पैकी ५ कनेक्शने कामात, ९० निष्क्रिय आणि २ ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी रुजू होती.

या दोन प्रकारच्या निष्क्रियतेत मोठे अंतर आहे. नवे कनेक्शन उघडायचे म्हणजे ओळख पटविणे, सांकेतिक बोलणी ठरविणे आणि डेटाबेसने त्याच्यासाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करणे, इतका खटाटोप असल्यामुळे थोडी कनेक्शने सज्ज ठेवणे हे शहाणपणाचेच आहे. परंतु ट्रान्झॅक्शन उघडून स्तब्ध बसलेले कनेक्शन म्हणजे दफ्तरखान्यातून मिसल काढून, ती बगलेत धरून चावडीवर जाऊन बसलेला कारकून होय. ती मिसल दुसऱ्या कोणास बदलता येत नाही, आणि तो परत येईपर्यंत दफ्तरातील जुने, निरुपयोगी कागदही निकालात काढता येत नाहीत. आमच्याच कोडने साठ्याची ओळ कुलूपबंद करून, ग्राहकाला एसएमएस पाठविणाऱ्या बाहेरील सेवेच्या उत्तराची वाट पाहत ट्रान्झॅक्शन उघडे ठेवले होते.

ती दोन कनेक्शने मी प्रथम बंद केली. त्यांची अर्धवट कामे आपोआप रद्द झाली. अतिरिक्त प्रती उतरविताच बिले निघू लागली. त्यानंतर एसएमएसचे काम ट्रान्झॅक्शनबाहेर नेले, आणि पोस्टग्रेसक्यूएलच्या २०१६ मधील ९.६ आवृत्तीपासून उपलब्ध असलेली, परंतु आपण ठरविल्याखेरीज लागू न होणारी, ट्रान्झॅक्शनमधील निष्क्रियतेची मुदत साठ सेकंदांवर बांधली. कार्यक्रम व डेटाबेस यांच्यामध्ये पीजीबाउन्सर बसविला. प्रत्येक ट्रान्झॅक्शनपुरतेच खरे कनेक्शन देऊन ते लगेच परत घेणाऱ्या या मध्यस्थामुळे आता वीस कनेक्शनांवर दहाही प्रतींचे काम चालते. केवळ निष्क्रिय बसलेल्या कनेक्शनांस तोडणारी मुदत २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत आली, पण ती मी जाणूनबुजून लावली नाही. कारण मध्यस्थाने राखून ठेवलेले कनेक्शन त्याच्या नकळत तुटले, तर पुढची मागणी मेलेल्या तारेवर जाऊन पडते.

पुढील मृगाच्या तोंडावर पहाटेच उठून मी ते हजेरीपत्रक पुन्हा उघडले. दुकाने उघडली, बिलांचा ओघ वाढला, प्रतीही वाढल्या. परंतु विसाच्या वर आकडा गेला नाही, आणि मिसल घेऊन बसलेला एकही कारकून त्यात आढळला नाही. परतूरहून किंवा अंबडहून पहिल्या एस.टी.ने आलेल्या शेतकऱ्याला सर्व्हर ठाऊक नसतो. त्याला आभाळाकडे पाहत, पिशवी घेऊन, पाऊस पडण्यापूर्वी शेतावर पोहोचायचे असते. रिकाम्या कनेक्शनांचा हिशेब ठेवायचा तो त्याच्या त्या घटकेसाठी.