बाजाराला निघण्याआधी

बाजाराच्या दिवशी आपल्या घरात काय शिजते? वांगी शिजतात, मेथी शिजते, पोरांना भेळही येते. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी? भाकरी आणि चटणी. असे का होते, ते पाहू.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा पिशवी उचलून थेट कळंबच्या बाजाराला जात असू. घरात काय आहे, काय नाही, हे विचारत नसू. एकदा गूळ असताना पुन्हा गूळ आणला आणि डाळ विसरलो. त्या आठवड्यात आमटी पाण्यासारखी झाली. आम्ही कुरकुर केली. मुलांची आई म्हणाली, "अहो, डाळ पिशवीत आली तरच आमटीत येईल की!" तेव्हापासून आम्ही डबे उघडून पाहतो आणि मगच निघतो.

आता हिशेब मांडू. घरात पाच माणसे धरा. कार्ड प्राधान्य गटातले असेल, तर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. 2023 पासून ते फुकट आहे. पाच जणांचे झाले 25 किलो. म्हणजे आठवड्याला सहा किलोसुद्धा नाही. एवढ्यावर भागत नाही. बाकीची ज्वारी घरची, नाहीतर विकतची. आपल्याकडे सोयाबीन वाढले, ज्वारीचे रान घटले. ज्यांच्या कणग्या भरलेल्या असत, तेही आता ज्वारी विकत घेतात. ती सुगीत एकदम घ्यावी. किलो-किलोने घेतली तर महाग पडते.

डाळीचे मात्र दर आठवड्याला पाहावे. रोज पाव किलो डाळ-कडधान्य धरले, तर आठवड्याला पावणेदोन किलो लागते. एक दिवस तुरीची आमटी, एक दिवस मटकीची उसळ, एक दिवस पिठले, एक दिवस हुलग्याचे माडगे. भाकरीत जे कमी असते ते डाळीत असते, डाळीत कमी ते भाकरीत. दोन्ही एका ताटात आली की अंगी लागतात. वेळ अमावस्येला आपण रानात भज्जी करतो. तिच्यात तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाजी, सगळे पडते. ही विद्या आपल्याला येतेच. ती वर्षातून एकच दिवस का वापरावी?

पैसे कुठून आणायचे म्हणता? दोन पोरांना पाच रुपयांचे दोन-दोन पुडे रोज दिले, तर आठवड्याचे 140 रुपये झाले. तेवढ्यात हल्लीच्या भावाने किलोभर हरभरा डाळ येते.

भाजीत पालेभाजी आधी संपवावी, मग वांगी, गवार. भोपळा, कांदा, बटाटा शेवटच्या दिवसांना ठेवावा. दारात शेवगा असेल तर त्याचा पालाही भाजीच आहे. वर लिंबू पिळावे. पालेभाजीतले लोह त्याने अंगात चांगले मुरते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर ते कमी मुरते.

आता ताटाचे बोलू. सगळ्यांचे झाल्यावर जी बसते, तिला काय उरते? 2019-21 च्या पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. पिशवी भरून आणली, पण तिची वाटी कोरडीच राहिली, तर हिशेब चुकला.

आमच्या घरी आता आमटी उतरली की पहिली वाटी तिची काढून झाकून ठेवतात. आधी तिलाच हसू येई. हल्ली वाटी काढायची राहिली तर नातू ओरडतो, "आजीची वाटी कुठंय?"