बहात्तरावं जनुक

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत बर्त्राँ कॉस्त उंदराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, काचेच्या अतिबारीक कांडीनं एखादी पेशी हलकेच दाबायचा आणि वीज वाहते का ते मोजायचा. पेशी दाबल्यावर वीज वाहायचीच. त्यासाठीच त्या निवडल्या होत्या. शोध होता तो वीज न वाहण्याचा. कॉस्त आणि त्याचे प्रमुख आर्डेम पॅटापुटियन यांनी ७२ संशयित जनुकांची यादी केली होती. एकेक जनुक बंद पाडायचं आणि पेशी पुन्हा दाबायची. एकाहत्तर जनुकं झाली, तरी वीज वाहतच होती. बहात्तरावं बंद केलं आणि पेशी गप्प झाली. २०१० साली जाहीर झालेल्या या शोधातल्या प्रथिनाचं नाव पिएझो-१. त्याचं भावंड पिएझो-२ हे आपल्या स्पर्शाच्या चेतापेशींत असतं. २०२१च्या नोबेलमध्ये पॅटापुटियन वाटेकरी झाले.

पिएझो म्हटलं की गॅसचा लायटर आठवतो. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी पडते. त्वचेत मात्र तसं घडत नाही, आणि गंमत आहे ती इथंच. लायटरमध्ये दाबणाऱ्या बोटाच्या जोरातून वीज तयार होते. चेतापेशीत ती आधीच तयार असते. सोडियमचे आयन सतत बाहेर उपसून पेशीनं आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण ठेवलेली असते. स्पर्शाला फक्त वाट मोकळी करायची असते.

ती वाट म्हणजे पिएझो. तीन पात्यांचं हे प्रथिन पेशीच्या पटलात असं बसतं की तिथं पटलाला वाटीसारखा खोलगट बाक येतो. त्वचा दबली की पटल ताणलं जातं, वाटी सपाट होऊ लागते आणि मधलं छिद्र उघडतं. सोडियम, कॅल्शियम आत घुसतात. जितका दाब जास्त, तितका हा पहिला झटका मोठा. तो पुरेसा झाला की विजेच्या फरकावर उघडणाऱ्या शेजारच्या वाहिन्या एकामागून एक उघडतात आणि स्पंद मज्जारज्जूकडे धावतो, जलद तंतूंत सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं. स्पंद सगळे सारख्याच उंचीचे. जोरात दाबलं तर ते मोठे होत नाहीत, भराभर येतात. हे केंब्रिजच्या एड्रियन यांनी १९२६ सालीच दाखवून दिलं होतं, पण सुरुवात करणारं दार सापडायला पुढं ८४ वर्षं लागली.

दाब तसाच राहिला तरी पिएझो-२ काही मिलिसेकंदांत मिटतं. मनगटावरचं घड्याळ दिवसभर जाणवत नाही, त्याचं एक कारण हे.

पिएझो-२ जन्मतःच निकामी असेल तर काय होतं, हे २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी दोन मुलींमध्ये पाहिलं. एक ९ वर्षांची, दुसरी १९ची. त्वचेवर ठेवलेल्या उपकरणाची थरथर त्यांना कळत नव्हती. डोळे झाकून बोट वर-खाली वाकवलं तर कुठल्या दिशेला ते सांगता येत नव्हतं, कारण स्नायूंचा ताणही पिएझो-२च टिपतं. डोळे उघडे असले की त्या चालत. डोळे बांधले की अडखळून पडत. टोचलेलं आणि गरम लागलेलं मात्र दोघींनाही बरोबर कळायचं. त्या जाणिवांची दारं वेगळी आहेत.