अंगणातील मत्स्यकुंड : उन्हाळ्याची पूर्वतयारी

अंगणात, परसात किंवा गच्चीवर मांडलेले लहान मत्स्यकुंड हे दिवाणखान्यातील काचेच्या मत्स्यालयाहून मूलतः वेगळे असते, कारण त्याला विजेचा दिवा, पंप किंवा गाळणयंत्र यांचा आधार नसतो आणि ऊन, वारा व पाऊस यांच्याशी त्याचा थेट संबंध येतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात ते टिकवायचे असेल, तर तापमान, पाण्यातील प्राणवायू आणि अमोनिया यांचे परस्परसंबंध आधी समजून घ्यावे लागतात.

पाणी जसजसे तापते, तसतशी त्याची वायू विरघळवून ठेवण्याची क्षमता घटते. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना हे प्रमाण सुमारे ७ मिलिग्रॅमवर येते. याउलट माशांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर वाढत असल्याने त्यांचे चयापचय वेगावते आणि प्राणवायूची गरज नेमकी याच वेळी वाढते. दिवसा वनस्पती आणि शेवाळ प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू सोडतात, परंतु रात्री तीच माशांप्रमाणे तो वापरतात. त्यामुळे पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची सतत उघडझाप करताना दिसले, तर ते भुकेचे नव्हे, तर गुदमरण्याचे लक्षण असते. अशा वेळी खाद्य टाकल्यास उरलेले खाद्य कुजताना आणखी प्राणवायू खर्ची पडतो.

म्हणून कुंड रुंद तोंडाचे असावे, जेणेकरून हवेचा पाण्याशी संपर्क वाढेल, आणि त्यात शक्यतो दीड-दोनशे लिटर पाणी मावावे, कारण पाणी जितके जास्त, तितके ते सावकाश तापते. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा उत्तम ठरते. सिमेंटची नवी टाकी वापरायची असल्यास तिच्यातून पाझरणारा चुना पाणी अल्कधर्मी करतो, त्यामुळे ती अनेकदा भरून व रिकामी करून मुरवावी लागते.

माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे काही जिवाणू नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रमाला नायट्रिफिकेशन म्हणतात. नव्या कुंडात हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला मोजकेच मासे सोडावेत. पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ८ असताना अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण २० अंशांच्या तुलनेत ३० अंशांना जवळजवळ दुप्पट होते, हे लक्षात घेता उन्हाळ्यात ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. बाष्पीभवनाने पाणी उडते, पण क्षार मागेच राहतात. त्यामुळे केवळ भर न घालता अधूनमधून थोडे पाणी काढून क्लोरीनमुक्त पाणी घालावे.

हायड्रिलासारख्या पाण्याखालील वनस्पती नायट्रेट शोषून घेतात, तर कुमुदिनीची तरंगती पाने पाण्यावर सावली धरतात. डासांच्या अळ्यांना आवर घालण्यासाठी अनेकदा गप्पी किंवा गंबुसिया सुचवले जातात; परंतु दोन्ही मूळचे अमेरिका खंडांतील असून गंबुसिया स्थानिक माशांची व बेडकांची अंडी-पिल्लेही फस्त करतो. पश्चिम घाटाच्या परिसरात आढळणारा, डोक्यावर चमकदार ठिपका असलेला अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस हा लहान मासा पृष्ठभागावरच शिकार करतो आणि अळ्या आवडीने खातो. तो उडी मारण्यात पटाईत असल्याने कुंडावर जाळी मात्र हवी.

उन्हाळ्यानंतर येणारा पहिला मुसळधार पाऊस कुंड काठोकाठ भरून मासे गटारात आणि तेथून ओढ्यात पोहोचवू शकतो. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या मूळच्या आफ्रिकी चिलापीने पुढे अनेक जलाशयांत आपले बस्तान बसवले, हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना या धोक्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. म्हणूनच काठाखाली जाळी लावलेली सांडव्याची नळी सुरुवातीलाच बसवावी, आणि नकोसे झालेले मासे किंवा वनस्पती नदीत, तळ्यात वा विहिरीत कदापि सोडू नयेत.