गिटार, विद्युत् (हेवी मेटल संगीतातील)

तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करून विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या द्वारे नाद निर्माण करणारे तंतुवाद्य. हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकारास अनुरूप अशी या वाद्याची घडण १९७० नंतर विकसित होत गेली. साध्या गिटारमध्ये पोकळ लाकडी पेटी नाद वाढविते. या गिटारचे धड मात्र सामान्यतः भरीव असते. नादाचा मोठा भाग विवर्धकात घडत असल्याने गिटार, विवर्धक व त्यांना जोडणारी उपकरणे मिळून एकच वाद्य मानणे युक्त ठरते. टोकदार आकार व काळा रंग यांवरून गिटार या संगीतास योग्य ठरते, हा नवशिक्यांचा समज निराधार आहे.

विद्युत् गिटारचा आरंभ १९३१-३२ मध्ये लॉस अँजेल्स येथे तयार झालेल्या, आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वाद्यापासून मानतात. भरीव धडाच्या गिटारींपैकी फेंडर कंपनीची टेलिकास्टर (१९५१) व गिब्सन कंपनीची लेस पॉल (१९५२) या विशेष प्रसार पावल्या. सुरुवातीच्या बहुतेक गिटारींच्या पिकअपमध्ये (तारेचे कंपन टिपणाऱ्या भागात) चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे एकच वेटोळे असे. असे वेटोळे घरातील वीजपुरवठ्याचा गुणगुणाटही टिपते. सेथ लव्हर या गिब्सनमधील तंत्रज्ञाने १९५५ मध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध ध्रुवतेने व परस्परविरुद्ध दिशेने जोडून ‘हंबकर’ सिद्ध केला. त्यात गुणगुणाट परस्परांस छेदून नाहीसा होतो, तर तारेचा संकेत दुप्पट जोमाने मिळतो. हेवी मेटलमध्ये विवर्धन अतिशय असल्याने संकेताबरोबर गुणगुणाटही वाढतो. म्हणून येथे हंबकर जवळजवळ अपरिहार्य ठरला.

विवर्धकाला त्याच्या क्षमतेपेक्षा प्रबळ संकेत दिल्यास तरंगाची शिखरे छाटली जातात व मूळ स्वरात नवे संनादी स्वर मिसळतात. यास विरूपण म्हणतात. वास्तविक हा विवर्धकाचा दोष. परंतु या संगीताचा पायाच त्यावर उभा आहे. विरूपित संकेतात दोन स्वर एकत्र आले की, त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उत्पन्न होतात. षड्ज-पंचमाच्या कंप्रतांचे प्रमाण २ : ३ असल्याने वजाबाकीचा स्वर षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो आणि नाद अधिक भारदस्त होतो. गांधार मिळविला, तर मात्र विसंवादी गोंगाट माजतो. यामुळेच या संगीतात पूर्ण स्वरसंघातांऐवजी षड्ज-पंचमाची जोडी (पॉवर कॉर्ड) वापरली जाते. तंबोऱ्याच्या पंचमाची सवय असलेल्या भारतीय कानास हे अंतर परकेही वाटू नये.

खर्जाकडील झुकावाचा इतिहास बर्मिंगहॅम येथील टोनी आयोमी (१९४८– ) याच्याशी निगडित आहे. पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता १९६५ मध्ये यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे बनविली, त्यांवर चामडे चढविले आणि दाबण्यास सोप्या म्हणून बँजोच्या बारीक तारा वापरल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाच्या मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी (१९७१) या ध्वनिमुद्रिकेतील काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरविलेल्या आहेत. एका कामगाराच्या अपघातातून सबंध शैली जन्मली, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. तथापि या उतरविलेल्या तारांचे अनुकरण पुढे सर्वत्र झाले, हे खरे.

तारा उतरविण्याचे परिणाम वाद्य बाळगणाऱ्याने समजून घ्यावयास हवेत. लांबी व जाडी तीच असता तारेचा ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सर्वांत खालची तार नेहमीच्या ८२.४ हर्ट्‌झवरून ६९.३ हर्ट्‌झवर, म्हणजे तीन अर्धस्वर खाली आणल्यास ताण सु. ३० टक्क्यांनी घटतो. मग तार लुळी पडते, पडद्यांवर खडखडते व जोरदार आघाताच्या क्षणी तिचा स्वर चढतो. यावर उपाय दोन : १.१७ मिमी. जाडीच्या तारेऐवजी सु. १.४ मिमी. जाडीची तार घेणे किंवा तारेची कंपनशील लांबी वाढविणे. ही लांबी गिब्सन पद्धतीत सु. ६२.९ सेंमी., फेंडर पद्धतीत ६४.८ सेंमी., तर खर्जाच्या खास गिटारींत सु. ६८.६ सेंमी. असते. तारा बदलल्यावर दांडीतील लोखंडी सळई कमीअधिक आवळणे, घोडीवरील प्रत्येक तारेचे टेकण पुढेमागे सरकविणे, क्वचित दांडीच्या टोकाकडील पट्टीच्या खाचा रुंद करणे, ही कामे ओघानेच येतात. ती टाळून गिटारलाच दोष देणारे अनेक असतात. फ्लॉइड रोझ पद्धतीची, तारा दोन्ही टोकांस जखडणारी हलती घोडी स्वर टिकवून धरते. परंतु तीत एका तारेचा ताण बदलला की साऱ्याच बिघडतात. वारंवार स्वरजुळणी बदलणाऱ्यास स्थिर घोडीच बरी.

वादनात उजव्या तळहाताची कड घोडीलगत तारांवर टेकवून नाद दाबणे (पाम म्यूट) ही प्रमुख क्रिया होय. विरूपणामुळे बारीकसारीक स्पर्शही मोठा ऐकू येतो. म्हणून न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी मिटवून ठेवणे हे वाजविण्याइतकेच कौशल्याचे काम आहे. विरूपण अवाजवी वाढविल्यास आघाताची धार बोथट होते. अनुभवी वादक ते बहुधा अपेक्षेपेक्षा कमीच ठेवतात.

कोकणपट्टीसारख्या दमट हवेत पावसाळ्यात तारा लवकर गंजतात व दांडीचा बाक बदलतो. वाजवून झाल्यावर तारा पुसणे व गिटार खोळीत ठेवणे हिताचे. नऊ व्होल्ट विद्युत् घटावर चालणाऱ्या पिकअपच्या गिटारीत तारेची जोडणी तशीच राहिल्यास घट संपतो.

विजेचा धोका याहून गंभीर आहे. गिटारच्या तारा घोडीमार्फत विवर्धकाच्या भूजोडणीस जोडलेल्या असतात. भूजोडणी सदोष असेल, तर वादकाला धक्का बसू शकतो. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्व्ही याचा १९७२ मध्ये स्वॉन्झी येथे भूजोडणी नसलेल्या ध्वनिग्राहकाला हात लागून रंगमंचावरच मृत्यू झाला. तीन पिनांच्या जोडणीतील भूजोडणीची पिन तोडून विवर्धक चालविण्याची सवय म्हणूनच प्राणघातक ठरू शकते.

श्रवणशक्तीची हानी मात्र नकळत होते. ८५ डेसिबेल पातळीचा ध्वनी दिवसातून आठ तास सुसह्य मानला, तर दर तीन डेसिबेलांच्या वाढीस हा अवधी निम्मा होतो. १०० डेसिबेलांस तो जेमतेम १५ मिनिटे उरतो. संचाच्या तालमीत ही पातळी सहज गाठली जाते. कानात सतत वाजणारी शीळ हे हानीचे नेहमीचे लक्षण असून अंतःकर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. सर्व कंप्रता सारख्याच प्रमाणात क्षीण करणारी कर्णबुचे वापरल्यास स्वरांचा परस्परसंबंध न बिघडता वादन ऐकू येते.