संगणकविद्येंत मुख्य विषय कोणता, जोडविषय कोणता?

चंदगड तालुक्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें बारावीनंतर बेळगांव, कोल्हापूर वा पुण्याची वाट धरितात आणि त्यांतील पुष्कळांचा ओढा संगणकविद्येकडे असतो. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु फीपायीं काजूची बाग वा भाताचें खाचर गहाण टाकण्याची वेळ येत असतां, विषयाची निवड माहितीपत्रकांतील चित्रें पाहून करणें आम्हांस धोक्याचें वाटतें. सबब या प्रश्नाचा येथें थोडा विचार करूं.

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीची रचना पालटली. महाराष्ट्रांत ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक लागतात. त्यांतील मोठा वांटा मुख्य विषयाचा, म्हणजे मेजरचा. लहान वांटा जोडविषयाचा, म्हणजे मायनरचा. चौथें वर्ष पुरें केल्यास ऑनर्स पदवी मिळते. अभियांत्रिकींत जादा श्रेयांक घेऊनही मायनर जोडतां येतो. मात्र जादा श्रेयांक म्हणजे जादा तास व जादा परीक्षा, हें ध्यानांत ठेवावें.

लागणीच्या उसांत आपण भुईमूग घेतों, तेव्हां मशागत व पाणी उसाच्या हिशेबानें ठरतें. भुइमुगानें उसास मारूं नये, उलट त्यास हातभार लावावा, हीच अपेक्षा असते. विषयांचेंही तसेंच आहे. मुख्य विषय असा असावा कीं ज्यांत प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क व गणित हीं सर्व पक्कीं शिकविलीं जातील. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स हीं नांवें आज तेजींत आहेत. परंतु त्यांचाही पाया बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र हाच आहे. म्हणून संगणकशास्त्र मुख्य व संख्याशास्त्र जोडीस, ही निवड आम्हांस सर्वांत भरंवशाची वाटते.

दुसरी जोडी गांवाच्या कामाची आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर मोबाईलवर होऊं लागली. अशीं साधनें तयार करणाऱ्यास संगणक कळून पीक कळत नसेल, तर तीं बांधावर अडतात. ज्या मुलास शेतीची जाण आहे, त्यानें कृषि वा भूगोल हा जोडविषय मिळत असल्यास अवश्य घ्यावा.

मात्र मुलास गणिताची मुळींच गोडी नसेल, तर बळजबरी करूं नये. वाणिज्य मुख्य व संगणक जोडीस, असा उलट क्रमही चालतो. काजूप्रक्रियेच्या कारखान्यास वा सोसायटीस हिशेब आणि संगणक दोन्हीं जाणणारा माणूस हवाच असतो.

फी भरण्यापूर्वीं पालकांनीं चार गोष्टी विचाराव्या. अभ्यासक्रमाची छापील प्रत कोठें आहे? छापलेला जोडविषय शिकविण्यास शिक्षक आहे काय? आठवड्यास प्रयोगशाळेचे तास किती? प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोठें देतात? बीसीएसाठीं २०२४ पासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली, तिची तारीख चुकवूं नये. मुलींसाठीं व्यावसायिक अभ्यासक्रमांत, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांस, २०२४ च्या शासननिर्णयानें शिक्षणशुल्क माफ झालें आहे. त्याची चौकशी केल्यावांचून कर्जाच्या कागदावर सही करूं नये.

आणि हा विचार बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावींत गणित घ्यावें कीं सोडावें हें ठरवितांनाच करावा. एकदां गणित सुटलें, कीं यांतील बहुतेक वाटा बंद होतात.