अंतःकरणाची राखण (लेखांक 6) : जवळच्या माणसाचा मत्सर

मागील लेखांकात क्रोधाचा विचार झाला. क्रोध निदान उघडपणे बोलतो. मत्सर मात्र पुष्कळदा न्यायाची किंवा तत्त्वाची भाषा घेऊन वावरतो, आणि म्हणून नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायातील अंतःकरण राखण्याची आज्ञा पाळू पाहणाऱ्याला त्याला ओळखणे हेच पहिले अवघड काम होऊन बसते. षड्रिपूंच्या परिचयामुळे मराठी वाचकाला हा विकार नवा नाही. ख्रिस्ती परंपरेत सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोप पहिला ग्रेगरी याने प्रमुख पापांच्या गणनेत त्याला स्थान दिले, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने, दुसऱ्याच्या भल्यामुळे आपली थोरवी उणावते असे वाटून त्या भल्याबद्दल होणारे दुःख, असे त्याचे स्वरूप सांगितले. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्यालाही लाभावे, ही इच्छा म्हणजे मत्सर नव्हे. ते त्याच्याजवळ नसते तर बरे झाले असते, असे वाटू लागले की मत्सराने घर केले असे समजावे.

हा विकार बहुधा बरोबरीच्या माणसाविषयी जडतो, हेही अक्वायनसने नोंदविले आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावरील आरे-वारेसारख्या पर्यटनाच्या गावी घरगुती निवास चालविणाऱ्याला गोव्यातील पंचतारांकित हॉटेलाची भरभराट खुपत नाही, पण शेजारच्या अंगणात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या गाड्या खुपू शकतात. पवित्र शास्त्रातही काइनाचा मत्सर सख्ख्या भावाविषयी आहे, योसेफाला विकणारे त्याचे भाऊच आहेत, आणि शौलाने ज्या दावीदाला स्वतः सैन्यात अधिकार दिला त्याचीच कीर्ती स्त्रियांच्या गाण्यात आपल्याहून मोठी झालेली ऐकून शौलाची दृष्टी फिरली. मुख्य याजकांनी येशूला हेव्यामुळे धरून दिले आहे, हे पिलाताने ओळखले होते, असे मार्क सांगतो. धर्मरक्षणाच्या आवेशाआडही हा विकार दडू शकतो, याचे याहून भयंकर उदाहरण नाही.

यावर उपाय कोणता, हे पाहताना रत्नागिरी जिल्ह्यातीलच करजगाव येथे 1861 मध्ये जन्मलेल्या आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळणे योग्य ठरेल. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाला बालकवी ही उपाधी मिळाली, तेव्हा टिळक पंचेचाळिशी ओलांडलेले नामवंत कवी होते. टिळक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जात, आणि हा मुलगा नेमका निसर्गाच्याच प्रांतात त्यांच्यापुढे जाणार होता. म्हणजे मत्सराला लागणारे सारे काही तेथे हजर होते. असे असता टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्या कवितेला उत्तेजन दिले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्याला घरच्या मुलासारखे वागविले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा ठोंबरे वाचकाला पुष्कळ ठिकाणी भेटतो. अशा वेळी नुसते गप्प बसणेही सभ्यपणाचे मानले गेले असते, पण गप्प बसल्याने मत्सर झाकला जातो, मरत नाही. टिळकांच्या वागण्यातील मोल असे की, दुसऱ्याच्या गुणाला त्यांनी आपल्या छपराखाली वाढू दिले.

हीच वृत्ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात दिसते. लोक येशूकडे जाऊ लागले म्हणून शिष्य तक्रार घेऊन आले असता बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवितो, म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात मनापासून आनंद मानणारा. आणि ज्याला जे मिळाले ते स्वर्गातून मिळाले, हे त्या आनंदाचे कारण तो आधीच सांगून ठेवतो. देणगी देवाची असेल तर ती शेजाऱ्याच्या हाती पाहून दुःख करणे म्हणजे देणाऱ्याशीच भांडणे होय, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात पहाटेपासून राबलेले मजूर धन्याशी नेमके तेच भांडण काढतात. म्हणूनच ज्याचा मत्सर वाटतो त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी आणि त्याच्या माघारी त्याचे कौतुक करावे, ही शिस्त साधी दिसली तरी फार कठीण आहे.

टिळकांच्या घरात या शिस्तीला पुढे वेगळेच रूप आले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे ठेवून ते 1919 मध्ये निवर्तले, आणि लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी स्वतंत्र काव्य आरंभून आपली तुलना त्यांच्याशी होऊ देण्याऐवजी त्याच काव्यात 64 अध्यायांची भर घातली.